सायफन पंप मिनिटभर चालतो आणि धार तुटते, दर वेळी हेच का होतं

फुगा पाच-सहा वेळा दाबला, डिझेल पाइपातून वर चढलं, नळीतून छान धार लागली, मी जरा बाजूला झालो आणि वळून बघतो तर धार बंद. परत फुगा दाबा, परत धार, परत बंद. जनरेटरच्या टाकीत कॅनमधून डिझेल भरताना हे माझ्याकडे जवळपास वर्षभर चाललं होतं. मी एक पंप टाकून दिला, दुसरा आणला, तो चार दिवस नीट चालला आणि मग त्यानेही तेच सुरू केलं. शेवटी एक दिवस शांतपणे बसून सगळं तपासलं तेव्हा कळलं की माझ्याकडे एक प्रॉब्लेम नव्हताच, तीन वेगवेगळे होते आणि तिन्ही बाहेरून एकसारखे दिसत होते. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण बऱ्याच जणांचे चांगले पंप असेच कचऱ्यात जातात.

कुठल्या पंपाबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. तो स्वस्तातला प्लास्टिकचा, मध्ये घड्या घड्यांचा किंवा गोल फुगा, एका बाजूला कडक सरळ पाइप, दुसऱ्या बाजूला मऊ पारदर्शक नळी आणि बऱ्याच मॉडेलना फुग्याच्या डोक्यावर एक छोटं फिरवायचं झाकण. आत दोन झडपा असतात. एक कडक पाइपाच्या बाजूला, ती फक्त फुग्याकडे उघडते, आणि दुसरी नळीच्या बाजूला, ती फक्त बाहेर उघडते. फुगा दाबला की आतली हवा नळीकडून बाहेर जाते, सोडला की फुगा परत फुगायला बघतो आणि कॅनमधलं डिझेल वर ओढलं जातं. एकदा नळी पूर्ण भरली आणि नळीचं दुसरं टोक कॅनमधल्या पातळीच्या खाली असलं की मग फुगा दाबायची गरज नाही, पुढचं काम उतार करतो, ह्यालाच सायफन म्हणतात. फुगा फक्त सुरुवात करून देतो हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण अर्धे घोळ इथेच होतात, लोक ह्याला पंप म्हणतात म्हणून तो खालून वर चढवून देईल असं धरून चालतात. वर चढवतो तो, पण तेव्हा प्रत्येक घोटासाठी दाबत राहावं लागतं, आपोआप धार लागणार नाही.

आता मुख्य गोष्ट. धार बंद झाली की लगेच फुगा दाबू नका. आधी नळीकडे बघा. ती कशी बंद झाली ह्यात सगळं उत्तर असतं आणि फुगा दाबला की ते पुसलं जातं.

नळीत बुडबुडे दिसायला लागले, धार खडखडत, तुटक तुटक यायला लागली आणि शेवटी नळी रिकामी झाली, तर कुठून तरी हवा शिरतेय. नळी अजून काठोकाठ भरलेली आहे, एकही बुडबुडा नाही, पण आतलं डिझेल नुसतं उभं आहे, हलत नाही, तर हवेचा काही संबंध नाही, तिथे एक तर पातळीचा प्रश्न आहे नाहीतर कॅन कोंडला गेलाय. ह्या दोघांतला फरक पण सोपा आहे. कॅनचं झाकण सैल करा. फुस्स आवाज होऊन धार आपोआप परत लागली तर कॅन कोंडला होता. झाकण उघडून काहीच झालं नाही, पण कॅन वीतभर उचलल्यावर धार लागली तर पातळी. एवढं दोन मिनिटांत होतं आणि नव्वद टक्के वेळा पुढचं काही करावंच लागत नाही असं मी माझ्या अनुभवावरून म्हणेन.

माझा पहिला पंप हवा घेत होता. हे मला इतके दिवस कळलं नाही ह्याचं कारण असं की मी गळती शोधत होतो, सांध्यांवर बोट फिरवून बघायचो, सगळं कोरडं. आणि कोरडंच असणार! चालू सायफनमध्ये कॅनच्या पातळीच्या वर जेवढा भाग आहे तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे तिथे भेग असली तर आतलं डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. थेंब कुठे पडतोय हे बघून ती भेग कधीच सापडणार नाही. पंप एअर घेतोय असं मेकॅनिक म्हणतात ते हेच. धारेबरोबर थोडी थोडी हवा आत येते, सगळ्यात उंच वळणावर साठते, बुडबुडा मोठा होत जातो आणि एका क्षणी तिकडची आणि इकडची साखळी तुटते. म्हणून ते मिनिटभर चालून बंद पडतं, पहिल्या सेकंदाला नाही.

ही हवा कुठून शिरते ते शोधायला एक अंगठ्याची टेस्ट आहे, पंप कोरडा असताना करायची. पंपात पेट्रोल-डिझेल वापरलं असेल तर आधी उघड्यावर नीट वाळू द्या. कडक पाइपाचं तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा, फुगा पूर्ण दाबा आणि सोडा. फुगा चपटाच राहिला पाहिजे. तो हळूहळू परत फुगला तर हवा आत येतेय. आता हेच परत करा पण ह्या वेळी फुगा दाबून धरलेला असतानाच नळीचं तोंडही दुसऱ्या कोणाला तरी बंद करायला सांगा आणि मग सोडा. आता फुगा चपटा राहिला म्हणजे हवा नळीकडून उलटी येत होती, बाहेर जायची झडप नीट बसत नाहीये. तरीही फुगला तर झडपांना दोष नाही, कुठला तरी सांधा, वरचं झाकण किंवा फुगाच फुटलाय.

दुसरी अर्धी टेस्ट उलटी. फक्त नळीचं तोंड बंद करा, कडक पाइपाचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवा आणि फुगा दाबा. हाताला टणक लागला पाहिजे. पाइपाच्या टोकातून बुडबुडे आले तर आत यायची झडप गळतेय. आणि सांधा शोधायचा असेल तर दोन्ही तोंडं बंद करून अख्खा फुगा, सांधे, झाकण सगळं बादलीत बुडवून दाबा, जिथून बुडबुडे निघतील तिथे बोट ठेवा, झालं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतो तसंच.

माझ्या पंपात काय निघालं तर वरच्या झाकणाच्या आतलं वायसर गायब होतं. ते छोटं झाकण कशासाठी असतं हे मला बरेच दिवस माहीतच नव्हतं. ते धार थांबवण्यासाठी असतं. भरून झालं की झाकण थोडं सैल करायचं, हवा आत जाते, सायफन तुटतो आणि धार थांबते. सुरू करताना मात्र ते पूर्ण घट्ट पाहिजे. होतं असं की थांबवताना लोक ते पूर्ण काढून हातात घेतात, आतला पातळ रबराचा वायसर खाली पडतो, डिझेलने माखलेल्या जमिनीवर काळा वायसर दिसत नाही, आणि पुढच्या वेळेपासून पंप खराब. त्यामुळे तुमचा पंप अचानक बिघडला असेल तर बाकी काही करण्याआधी हे झाकण उघडून आत वायसर आहे का ते बघा. नसेल तर त्या मापाचा तेल-इंधनाला चालणारा रबरी वायसर टाका. फिरवताना अर्धा फेराच सैल करायची सवय लावा, पूर्ण काढू नका.

सांध्यातून हवा येत असेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा नळी असते. ही पारदर्शक नळी साधारणपणे पीव्हीसीची असते आणि ती मऊ राहावी म्हणून त्यात जे घातलेलं असतं ते पेट्रोल हळूहळू काढून घेतं, मग नळी पिवळी पडते, कडक होते आणि निपलला, म्हणजे पंपाच्या ज्या टोकावर ती चढवतात त्याला, पूर्वीसारखी कवटाळून बसत नाही. बाहेरून बसल्यासारखी दिसते पण आत केसाएवढी फट असते. उपाय म्हणजे टोकाचा दोनेक सेंटीमीटर तुकडा सरळ कापून टाका, नवीन टोक चढवा आणि वर क्लॅम्प आवळा. पाण्यासाठीचा पंप असेल तर नळीचं टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट धरलं की ते मऊ होतं आणि सहज चढतं. इंधनाच्या नळीला लायटर लावून ते टोक गरम करताना मी माणसं बघितली आहेत, कृपा करून हे करू नका, नळी रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि पेटते ती वाफच. नळी पूर्ण कडकच झाली असेल तर बदलून टाका, पेट्रोलला नायट्राइल रबरची नळी जास्त टिकते. सिलिकॉनची नळी मऊ आणि छान दिसते पण पेट्रोलमध्ये फुगते, ती पाण्यालाच ठेवा.

फेविक्विकसारखा गोंद ह्या कामाला चालत नाही. पंपाचं अंग बऱ्याचदा पॉलिथिनचं असतं आणि त्याला असा गोंद धरत नाही, दोन दिवसांनी पापुद्र्यासारखा सुटतो. टेफ्लॉन टेप आट्यांच्या सांध्याला ठीक, नुसत्या दाबून बसवलेल्या नळीला क्लॅम्पच. आणि फुग्याच्या घडीत भेग गेली असेल तर तो पंप संपला, चिकटपट्टी लावून वेळ घालवू नका, दाबताना घडी उघडते आणि पट्टी सुटते.

झडपेबद्दल थोडं. आत नुसती रबराची पातळ चकती नाहीतर छोटी गोळी असते. कॅनच्या बुडाशी गंजाचे कण, रेती, गाळ असतो, पाइप थेट बुडाला टेकवला की पहिला घोट त्याचाच येतो आणि एक कण चकतीखाली अडकला की झडप बंदच होत नाही. जुनं पेट्रोल आत तसंच राहिलं असेल तर ते सुकून चिकट होतं आणि चकती चिकटून बसते, मग झडप उघडतच नाही. दोन्हीला उपाय एकच, पाण्याच्या पंपाला साबणाचं कोमट पाणी आणि डिझेलच्या पंपाला थोडं स्वच्छ डिझेल घेऊन त्यात पाइप आणि नळी दोन्ही टोकं बुडवून जोरजोरात वीस-पंचवीस वेळा दाबायचं, अधूनमधून अंगावर टिचक्या मारायच्या. उघडता येत असेल तर उघडून पुसा, पण चकती कुठल्या बाजूने बसली होती त्याचा आधी फोटो काढून ठेवा. उलटी बसली तर पंप चालत नाही आणि मग नेमकं काय चुकलं ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

एवढं करून पहिला पंप सुधारला, म्हणजे मी तो टाकून दिलाच होता पण नशिबाने अजून अडगळीत होता. मग प्रश्न राहिला की नवीन पंप का बंद पडत होता.

त्यातला एक भाग पातळीचा होता. माझा जनरेटर स्टँडवर आहे, टाकी त्याच्या वरच्या भागात, आणि कॅन मी एका स्टुलावर ठेवायचो. कॅन भरलेला असताना त्यातली पातळी टाकीपेक्षा बरीच वर, त्यामुळे सुरुवातीला धार जोरात. पण कॅन रिकामा होत जातो तशी पातळी खाली येते आणि टाकी भरत जाते तशी तिकडची पातळी वर येते, म्हणजे फरक दोन्हीकडून कमी होतो. दोन्ही भांडी सारख्या रुंदीची असतील तर कॅनमध्ये १ सेंटीमीटर कमी झालं की फरक २ सेंटीमीटरने घटतो. अर्ध्या वाटेतच दोन्ही पातळ्या जुळल्या की खेळ खलास. मला वाटायचं पंप दमला. प्रत्यक्षात तो दर वेळी कॅनवरच्या जवळपास त्याच रेषेला थांबत होता, आणि हीच खूण आहे, थांबण्याची जागा ठरलेली असेल तर पातळी. इथे फक्त द्रवाच्या पातळीचा हिशोब चालतो, कॅन स्वतः किती उंच आहे किंवा नळी किती लांब आहे ह्याची काही मदत होत नाही. नळीचं टोक हवेत लटकत असेल तर टोकाची उंची धरायची आणि ते टाकीतल्या डिझेलमध्ये बुडालेलं असेल तर टाकीतल्या डिझेलची पातळी धरायची.

शिवाय ह्या पंपांना झडपा आहेत आणि प्रत्येक झडप उघडायला थोडा जोर लागतो. त्यामुळे नुसत्या नळीचा सायफन अगदी पातळ्या जुळेपर्यंत चालतो पण झडपवाला पंप त्याच्या थोडा आधीच थांबतो, शेवटचे काही सेंटीमीटर राहतातच. म्हणून कॅनचं बूड टाकीच्या तोंडापेक्षा वर ठेवा, सरळ हिशोब, मग कॅन पूर्ण रिकामा होईपर्यंत धार चालेल. जागा नसेल तर शेवटचं हाताने दाबून काढा, पंप ते करतो.

दुसरा भाग माझ्या स्वतःच्या हुशारीचा होता. कॅनमध्ये धूळ जाऊ नये म्हणून मी एका जुन्या झाकणाला बरोबर पाइपाच्या मापाचं भोक पाडलं, त्यातून पाइप घट्ट बसवला आणि झाकण आवळलं. दिसायला एकदम व्यवस्थित. पण कॅनमधून डिझेल बाहेर गेलं की तेवढी हवा आत यायला जागा पाहिजे, ती मी बंद करून टाकली होती. डिझेल जसं कमी होत गेलं तसा कॅनच्या आत दाब कमी होत गेला आणि शेवटी धार थांबली. हा प्रकार ओळखायची आणखी एक खूण म्हणजे कॅनकडे बघा, त्याचं पोट आत ओढलेलं दिसेल. माझ्या कॅनच्या दोन्ही बाजू आत गेलेल्या होत्या आणि मी महिनाभर समजत होतो की कॅन उन्हाने वाकडा झालाय. झाकणाला पाइपाच्या शेजारी अजून एक बारीक छिद्र पाडलं, काम झालं. ज्या कॅनला मागे हवेचं छोटं झाकण असतं त्यात तेच उघडायचं.

हेच उलट्या बाजूनेही होतं. ज्या टाकीत भरतोय तिचं तोंड अरुंद असेल आणि नळी त्यात गच्च बसली तर आतल्या हवेला बाहेर यायला वाट राहत नाही, मग धार मंदावते, गुडगुड आवाज येतो आणि कधी कधी उसळी मारून बाहेर सांडतं. नळीच्या बाजूने बोटभर फट राहिली पाहिजे.

आता बाकीची लक्षणं, जरा भराभर. फुगा दाबला आणि तो चपटाच राहिला, परत फुगतच नाही, तर पंपाची ओढ चांगली आहे पण आत यायची वाट बंद आहे. बहुतेक वेळा पाइपाचं सपाट तोंड कॅनच्या बुडाला चिकटलेलं असतं. पाइपाचं टोक ४५ अंशात तिरकं कापा किंवा त्याला इंग्रजी व्ही सारखी खाच पाडा, म्हणजे टेकलं तरी वाट राहते, आणि शक्यतो बुडापासून दोन-तीन सेंटीमीटर वर धरा म्हणजे गाळही येणार नाही. फुगा दाबल्यावर कॅनमध्येच बुडबुडे येतात, तर एक तर पंप उलटा लावलाय, अंगावरचा बाण बघा, नाहीतर आत यायची झडप गेलीय.

किती वेळा दाबलं की द्रव यायला पाहिजे असं बरेच जण विचारतात. आतून १० मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला साधारण ८० मिलिलिटर हवा असते. पाइप आणि नळी मिळून दोन-अडीच मीटर झाले तर दोनशे मिलिलिटर हवा काढायची आहे. एका दाबात हाताच्या मुठीएवढा फुगा पन्नासेक मिलिलिटर जरी ढकलत असेल तरी पाच-सहा दाबांत धार लागायला पाहिजे, दहा धरा. पंधरा-वीस वेळा दाबूनही द्रव वर चढत नसेल तर दाबत बसू नका, कुठेतरी हवा शिरतेय, वरची अंगठ्याची टेस्ट करा. हात दुखेपर्यंत दाबून कोणाचाही सायफन सुरू झालेला मी बघितला नाही.

धार लागते पण मुतखड्याच्या पेशंटसारखी अगदी बारीक, तर आधी नळीला कुठे घडी पडलीय का बघा, टाकीच्या काठावर नळी मोडते तिथे हमखास. मग पातळीतला फरक वाढवा. पाण्यासारख्या पातळ द्रवात धारेचा वेग फरकाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट हवा असेल तर उंची चौपट लागते, त्यामुळे वीतभर उचलून फार मोठा चमत्कार होत नाही. इंजिन ऑइल, गिअर ऑइल असल्या जाड द्रवात गोष्ट वेगळी, तिथे नळीच्या जाडीला फार महत्त्व आहे, आतला व्यास दुप्पट केला तर बाकी सगळं तेच असताना धार जवळपास १६ पट होते. म्हणून ऑइलसाठी बारीक नळीचा पंप घेऊच नका. आणि थंडीत ऑइल घट्ट झालेलं असतं, गाडी थोडा वेळ चालवून ऑइल कोमट असताना काढलं तर त्याच पंपाने निम्म्या वेळात निघतं. उकळतं गरम नको, प्लास्टिक मऊ पडतं आणि हात भाजतो.

एक लक्षण फक्त पेट्रोलला आणि तेही उन्हात दिसतं. सगळे सांधे टाइट, वायसर जागेवर, टेस्ट पास, तरी वरच्या वळणावर बुडबुडा साठतोच. ती बाहेरची हवा नसते, पेट्रोलची वाफ असते. वरच्या वळणावर दाब सगळ्यात कमी, नळी उन्हाने तापलेली, पेट्रोलमधला हलका भाग तिथेच उडतो. सावलीत या, वळणाची उंची कमी करा, नळी लहान करा, म्हणजे बुडबुडा साठायच्या आत धारेबरोबर वाहून जातो. पाण्यालाही बारीक प्रमाणात हे होतं, पाण्यात विरघळलेली हवा वर सुटते, धार जोरात असली तर ती वाहून जाते, मंद असली तर तिथेच बसून राहते. माशांच्या टाकीचं पाणी काढताना मंद धार मध्येच तुटते ती बऱ्याचदा ह्यामुळे. तसं पाण्याच्या सायफनचं वळण साधारण १० मीटरच्या वर गेलं तर तो चालतच नाही, कारण हवेचा दाब त्याहून उंच पाणी पेलू शकत नाही, पण आपल्या कामात एवढी उंची कधी येत नाही.

काही गाड्यांच्या टाकीत हा पंप चालतच नाही, पाइप थोडा जातो आणि अडतो. बऱ्याच नवीन गाड्यांच्या तोंडाच्या नळीत जाळी किंवा झडप असते, त्याच्या पुढे पाइप जाऊच नये म्हणून ती लावलेली आहे. जोर लावू नका, पाइप आत अडकला किंवा तुटला तर टाकी उतरवावी लागते. चुकीचं इंधन भरलं गेलं असेल तर गाडी सुरू न करता मेकॅनिककडून खालून काढून घ्या.

आता जे मला मनापासून सांगायचंय. पंप चालत नाही म्हणून वैतागून नळी तोंडाला लावून ओढायची, हे एकदाही करू नका. डिझेल, पेट्रोल, रॉकेल हे पोटात गेल्यापेक्षा फुफ्फुसात गेलं तर जास्त घातक, ठसका लागला की थेंबभर तिकडे जातं आणि त्याने फुफ्फुसाला भयंकर सूज येते, लक्षणं काही तासांनी पण वाढू शकतात. चुकून गिळलं गेलं तर उलटी काढायची नाही, उलटीबरोबर तेच परत फुफ्फुसात जायची भीती असते, सरळ दवाखाना गाठायचा. हा पंप आहेच त्यासाठी की तोंड लावावं लागू नये.

पेट्रोलचं काम उघड्यावर, इंजिन बंद आणि थंड झाल्यावर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीलाही पेटते, थंडीतसुद्धा, त्यामुळे आज गार आहे म्हणून चालेल असं काही नाही. ज्या कॅनमध्ये पेट्रोल घेताय तो जमिनीवर ठेवा, गाडीच्या डिकीत किंवा प्लास्टिकवर ठेवून भरू नका, आणि नळीचं टोक कॅनच्या बुडाला टेकवून ठेवा, वरून धार सोडू नका, पडणाऱ्या धारेने स्थिर वीज साठते. बॅटरीचं ॲसिड ह्या पंपाने काढू नका, फुगा हातात फुटला तर डोळ्यांपर्यंत उडतं. कूलंट, इंधन, औषध फवारणीचं पाणी ह्यातल्या कशालाही एकदा वापरलेला पंप पिण्याच्या पाण्याला परत लावू नका, कितीही धुतला तरी नाही. माझ्याकडे दोन आहेत, एकाच्या नळीला लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे, तो डिझेलचा, घरात सगळ्यांना माहीत आहे.

काम झाल्यावर वरचं झाकण अर्धा फेरा सैल करून कडक पाइप कॅनमधून आधी वर काढा, मग नळी उंच धरा, नळीतलं उरलेलं टाकीत जाऊ द्या, मोकळा फुगा चार-पाच वेळा दाबून आतलं झटका, आणि पंप उन्हापासून लांब खिळ्याला उभा लटकवून ठेवा, नळी खाली. गुंडाळून ड्रॉवरमध्ये कोंबला की फुगा चपटा राहतो आणि घड्यांमध्ये भेगा तिथूनच सुरू होतात. झाकण सैलच राहू द्या, फक्त पुढच्या वेळी सुरू करण्याआधी ते घट्ट करायचं लक्षात ठेवा. मी त्यासाठी खिळ्याशेजारी भिंतीवर खडूने झाकण असं लिहून ठेवलंय.